दंड आणि कैफियत

रायपूरच्या तात्यापाऱ्यात जी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्यांच्या मागे नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाची दीर्घ परंपरा उभी आहे. १७४१ साली भास्करपंतांनी रतनपूरच्या हैहयांचा मुलूख जिंकला, १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून कारभार केला, १८१८ मध्ये अॅग्न्यू साहेबांनी राजधानी रतनपुराहून रायपुरास हलविली, आणि १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा होऊन येथील दप्तरांवर कंपनी सरकारचा शिक्का बसला. पुढे तीनचार वर्षांतच, या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, एक प्रश्न उपस्थित झाला आणि तो आजतागायत सुटलेला नाही : शासन ज्याला उपद्रवाचा मूळ पुरुष समजते, त्याचा प्राण घेण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या रीतीने, आणि कोणापुढे जाब देऊन?

१८५६ च्या दुष्काळात सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोलच्या एका सावकाराचे धान्याचे कोठार फोडून उपाशी रयतेस धान्य वाटले. सरकारने त्यांना कैद केले. १८५७ च्या ऑगस्टमध्ये ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले, सोनाखानास जाऊन त्यांनी शस्त्र उचलले, आणि डिसेंबरात लेफ्टनंट स्मिथच्या फौजेपुढे त्यांना शरण जावे लागले. १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांस मृत्युदंड देण्यात आला. ती जागा आजचा जयस्तंभ चौक, असे लोकपरंपरा मानते. शरणागती आणि देहदंड यांच्यामध्ये जेमतेम आठवडा गेला.

या दंडाने रायपूर शांत झाले नाही. १८ जानेवारी १८५८ च्या सायंकाळी तिसऱ्या पलटणीतील हनुमानसिंह यांनी सार्जंट मेजर सिडवेल याच्या घरात शिरून तलवारीने त्याचा वध केला. सिडवेल त्या क्षणी कोणावर शस्त्र उगारून आलेला नव्हता. तो आपल्या घरात होता, आणि परसत्तेचा अधिकारी म्हणून त्याची निवड झाली होती. हनुमानसिंह निसटले ते कधीच हाती लागले नाहीत. त्यांच्यावर बक्षीस लागले, आणि चौथ्या दिवशी, २२ जानेवारीस, हवालदार गाजीखान यांच्यासह सतरा जणांना पलटणीदेखत फासावर चढविण्यात आले. ज्याच्या हातून वध झाला तो मोकळा, आणि सतरा जण चार दिवसांत संपले! येथे खटला होता, हुकूम होता, दप्तरात नोंद होती. परंतु दहशत बसविण्याची निकड तहकिकातीपेक्षा प्रबळ झाली, की न्यायासनही वधाचेच उपकरण होते, हे सत्य त्या प्रसंगाने कायमचे नोंदवून ठेवले आहे.

मराठी माणसाने या प्रश्नाचा ऊहापोह नंतरही सोडला नाही. १८९७ च्या जूनमध्ये अफजलखानाच्या वधाच्या नैतिकतेवर ‘केसरी’त चर्चा झाली, आठवड्याच्या आत पुण्यात चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, आणि लोकमान्यांना राजद्रोहाबद्दल कारावास घडला. १९०८ साली मुजफ्फरपुरात न्यायाधीश किंग्जफोर्डसाठी योजलेल्या बाँबने दोन निरपराध स्त्रियांचे प्राण घेतले. त्या वर्षीच्या धरपकडीत ‘हिंदी केसरी’चे संपादक, रायपूरच्या मराठी समाजाचे भूषण माधवराव सप्रे यांनाही अटक झाली. याच सप्र्यांनी पुढे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, आणि त्या ग्रंथात लोकमान्यांनी मनुस्मृतीच्या आधारे आततायीच्या वधाचा विचार केला आहे. माझ्या मते त्या विचाराचा कणा त्याच्या मर्यादेत आहे : जो शस्त्र घेऊन या घटकेस अंगावर येतो, त्याच्यापुरतीच ती मुभा, काल काय केले आणि उद्या काय करील, याचा निवाडा तलवारीने नव्हे, न्यायाने करावयाचा.

आज याच छत्तीसगडात तो प्रश्न पुन्हा उग्र झाला आहे. २५ मे २०१३ रोजी झीरम घाटीत माओवाद्यांनी काँग्रेसचे नेते महेंद्र कर्मा यांस हेरून ठार केले, नंदकुमार पटेल यांना मुलासह मारले, आणि तेथे जखमी झालेले रायपूरचे विद्याचरण शुक्ल पुढे दगावले. माओवादी पक्षाचा सरचिटणीस बसवराजू २१ मे २०२५ रोजी अबूझमाडात सुरक्षादलांकडून मारला गेला. झीरमचे दुःख ज्यांनी भोगले, त्यांस या वार्तेने समाधान वाटले असेल, तर त्यांस दोष देण्याचा अधिकार मला नाही. परंतु शासनाने या संघर्षाला युद्धाचा कायदेशीर दर्जा दिलेला नाही. म्हणून येथे युद्धाचे नियम नव्हेत, तर फौजदारी कायदा आणि घटनेचे एकविसावे कलम लागू होते, आणि त्यांचा अर्थ असा की गोळी केवळ प्राणरक्षणार्थ अथवा अटळ प्रतिकारापुरती. मुंबई पोलिसांच्या ‘चकमकी’तील गोळीबारांतून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी ठरवून दिले की अशा प्रत्येक मृत्यूचा गुन्हा नोंदवावा, तपास स्वतंत्र यंत्रणेने करावा आणि दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी.

या शिरस्त्यास कोणी कमकुवतपणा म्हणू नये. माओवादी आपल्या ‘जनअदालती’त फैसला करतो तेव्हा त्याच्यावर कोणतेही अपील नसते, प्रजासत्ताकाचा शिपाई बंदूक चालवितो तेव्हा त्याच्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब देणे त्याच्या वरिष्ठांना बंधनकारक असते. राज्य आणि टोळी यांतील अंतर एवढेच आहे, आणि ते राखावयाचे असेल, तर अबूझमाडाच्याही कैफियतीची चौकशी पूर्ण होऊन तिचा अहवाल जनतेसमोर ठेवला गेला पाहिजे.