घर आपले, आग गावाची

‘माझे घर मी मला वाटेल तसे ठेवीन, इतरांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण काय?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा, मोठ्याने नाही तर मनातल्या मनात, विचारलेला असतो. नगरपालिकेची नोटीस दारावर लागली, शेजाऱ्याने मोरीच्या पाण्याविषयी तक्रार केली किंवा पडक्या भिंतीविषयी कोणी टोकले, की हा प्रश्न हटकून ओठांवर येतो. प्रश्न रास्त नाही, असे नाही. घर ही माणसाच्या कष्टाची कमाई असते आणि उंबऱ्याच्या आत त्याचे राज्य असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु उंबरा ओलांडून जाणाऱ्या काही गोष्टी असतात. आग एका घराला लागते आणि आळी जाळते. रोग एका खोलीत शिरतो आणि गाव ओस पाडतो. म्हणूनच खाजगी घरांविषयी गावाचे नियम निर्माण झाले. हे नियम कधी माणसांनी आपले मानले आणि कधी का झिडकारले, याचा थोडा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

असे नियम ही इंग्रजांनी आणलेली वस्तू आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. म्हैसूरचे पंडित शामशास्त्री यांनी 1909 साली कौटिल्याचे अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केले. त्या प्राचीन ग्रंथात नगराच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना घरमालकांसाठी घालून दिलेले नियम आजही वाचण्यासारखे आहेत. उन्हाळ्यात, दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत घरात विस्तव पेटवावयाचा नाही. स्वयंपाक करणे असेल तर बाहेर करावा. प्रत्येक घरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडी, कातडी पखाल अशी साधने तयार ठेवावीत. न ठेवल्यास पाव पण दंड. रस्त्यावर धूळकचरा टाकल्यास पणाचा आठवा भाग आणि चिखलपाणी तुंबविल्यास पाव पण.

या यादीतील एक नियम मला विशेष वाटतो. कोठे आग लागली असता जो घरमालक विझविण्यास धावणार नाही त्याला बारा पण दंड, आणि भाडेकऱ्याला सहा. रस्त्यावर धूळ टाकण्याच्या दंडाशी तुलना केली तर मालकाचा हा दंड शहाण्णव पट होतो. म्हणजे कौटिल्याच्या लेखी स्वतःचे घर अस्वच्छ ठेवणे हा लहान अपराध होता. शेजाऱ्याचे घर जळताना स्वस्थ बसणे हा मोठा.

याच ग्रंथात दुसऱ्या एका ठिकाणी घरांच्या भिंतींतील अंतर, पागोळ्या, मोऱ्या, खिडक्या यांविषयी नियम आहेत आणि ते मोडणाऱ्यास दंडही आहे. तेथेच एक मुभा ठेवलेली आहे. शेजारच्या घरमालकांनी आपसांत ठरवून आपल्या सोयीप्रमाणे बांधकाम करावे आणि एकमेकांना जे अनिष्ट असेल ते टाळावे. राजदंड हाती असलेल्या या कठोर राजनीतिज्ञालाही शेजाऱ्यांच्या संमतीचे महत्त्व कळत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढे पुष्कळ शतकांनी, हाताशी अधिक ज्ञान आणि अधिक सत्ता असलेल्या राज्यकर्त्यांना नेमका तिचाच विसर पडला.

1896 सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एक विचित्र ताप दिसू लागला. मूळचे गोव्याचे, हाडपेशाचे डॉक्टर असलेले अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी तो गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा उभा आहे. जाणारे येणारे त्याकडे फारसे पाहत नाहीत, पण त्या शहरावर या गोमंतकीय डॉक्टरांचे मोठे ऋण आहे. साथ पसरू लागली तशी सरकारची धांदल उडाली. 1897 च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांना लोकांच्या घरात शिरण्याचे जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. मुंबईत गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बॉलिक अॅसिडने धुतली गेली. अंधाऱ्या खोल्यांत उजेड पडावा म्हणून छपरांवरची कौले काढली गेली. मनुष्यवस्तीस अयोग्य ठरलेल्या घरांच्या दारांवर तशी इंग्रजी अक्षरे रंगविली गेली.

पुण्यात याहून कठीण प्रकार झाला. 1897 च्या मार्चपासून रँड साहेबांच्या देखरेखीखाली लष्कराचे शिपाई घरोघर झडती घेऊ लागले. माजघर, स्वयंपाकघर, देवघर असा भेद राहिला नाही. आजारी माणसाला रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना छावणीत नेले जाई. मागे सामानसुमान जाळले जाई, जमीन उकरली जाई. त्या वर्षी पंडिता रमाबाईंनीही पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांविषयी जाहीरपणे लिहिले. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड पुढे 3 जुलैला मरण पावले. त्यानंतरचा इतिहास, टिळकांची शिक्षा आणि चापेकरांची फाशी, मराठी घरांतून सर्वांना ठाऊक आहे.

मला येथे वेगळीच गोष्ट सांगावयाची आहे. या झडत्यांचा हेतू रोग थांबविणे हा होता. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसे माळ्यावर आणि कोठीत लपवू लागले. मृत्यूची बातमी दाबू लागले. ज्यांना शक्य होते ते गाव सोडून पळाले आणि त्यांच्याबरोबर रोगही पळाला. शिवाय ज्या ज्ञानाच्या जोरावर ही जुलूमजबरी चालली होती तेच अपुरे होते. रोग घाणीतून आणि दूषित हवेतून येतो, असे बहुतेकांना वाटत होते. उंदरांच्या अंगावरील पिसवांतून तो माणसाला होतो, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखविले ते 1898 साली, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. दारावर रंगविलेल्या अक्षरांना उंदीर थोडेच जुमानणार!

आता आपण इंदुरास येऊ. मी राहतो त्याच शहरात, पुण्याच्या त्या दिवसांनंतर वीस वर्षांनी, याच प्लेगाशी गाठ पडली असता एक निराळा प्रयोग झाला.

त्या वेळी येथे तिसरे तुकोजीराव होळकर राज्य करीत होते. त्यांच्या दरबाराने नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थांना बोलाविले. गेडिस मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. 1854 साली जन्मलेला हा माणूस साठीच्या उंबरठ्यावर, 1914 साली, हिंदुस्थानात आला. त्यांची पूर्वपीठिका सांगण्यासारखी आहे. लग्नानंतर लवकरच ते आणि त्यांच्या पत्नी ॲना एडिंबरो शहराच्या जुन्या, दाटीच्या, गलिच्छ भागातील जेम्स कोर्ट येथे मुद्दाम राहावयास गेले. तेथे त्यांनी शेजाऱ्यांना उपदेश केला नाही. आधी स्वतःचे घर दुरुस्त केले, रंगविले, खिडक्यांत फुलझाडे ठेवली आणि मग शेजाऱ्यांना हाताशी घेऊन आजूबाजूची घरे सुधारण्यास आरंभ केला. जुनी वस्ती सरसकट पाडू नये. जे घर दुरुस्तीने वाचेल ते वाचवावे, अगदी नाइलाज असेल तेवढेच काढावे, हा त्यांचा सिद्धांत तेथे घडला.

इंदुरात ते नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडू लागले तेव्हा लोक त्यांच्याकडे भयाने पाहत. नकाशा घेतलेला साहेब म्हणजे घर पाडणारा साहेब, अशी लोकांची समजूत होती. प्लेग आणणारा साहेब तो हाच, अशीही कुजबूज त्यांच्या कानी आली. हुकूम काढून हे भय जाणार नव्हते. तेव्हा गेडिस यांनी दरबारापुढे एक अजब मागणी ठेवली. मला एका दिवसापुरते महाराज करा! दरबाराने ती मान्य केली.

1917 सालची दिवाळी जवळ आली होती. दिवाळीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने जावी, हा कोणत्याही गावात मानाचा विषय असतो. गेडिस यांनी जाहीर केले की, या वर्षी मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरील अधिकांत अधिक घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून तयार होतील त्या रस्त्याने ती जाईल. घराघरांतून निघालेला केरकचरा फुकट उचलून नेण्याची व्यवस्था झाली. मग काय विचारता! सारे शहर कामाला लागले. वर्षानुवर्षे माळ्यावर आणि परसात साठलेली अडगळ बाहेर पडली. कचऱ्याच्या हजारो गाड्या भरून गेल्या. उंदरांची बिळे आणि आसरे नाहीसे झाले, आणि सापळ्यांत हजारो उंदीर सापडले. जे काम पुण्यात बंदुकीच्या धाकाने नीट झाले नाही, ते येथे शेजारच्या आळीशी लागलेल्या चुरशीने झाले.

मिरवणुकीची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. पुढे घाण आणि रोगराई यांची विक्राळ सोंगे, मोडक्या घरांचे देखावे आणि एक प्रचंड उंदीर. त्यांच्या मागून शहराचे सफाई कामगार, स्वच्छ नव्या पोशाखात, फुले लेवून, सजविलेल्या गाड्यांसह. नंतर लक्ष्मीची मूर्ती आणि सुधारलेल्या घरांचे नमुने. शेवटी तो राक्षस आणि तो उंदीर यांचे दहन झाले आणि लोकांना घरी लावण्यासाठी तुळशीची रोपे वाटण्यात आली. ज्यांची सावली अंगावर पडू नये म्हणून लोक जपत, ती माणसे त्या दिवशी शहराच्या मिरवणुकीत मानाने चालली. घर झाडणारा आणि गाव झाडणारा हे एकाच कामाचे भागीदार आहेत, हे कोणत्याही व्याख्यानाशिवाय सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच 1917 सालात गेडिस यांचा थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला होता आणि पत्नी ॲना येथे हिंदुस्थानातच तापाने वारल्या होत्या. जिच्याबरोबर जेम्स कोर्टच्या भिंती रंगविल्या ती सोबतीण गेली असता, त्या म्हाताऱ्याने काही महिन्यांच्या आत परक्या मुलखात परक्या लोकांची घरे सजविण्याचा उत्सव मांडला. स्वतःचे घर रिकामे झाल्यावर दुसऱ्यांच्या घरांची काळजी वाहणे, यासाठी अंतःकरण मोठे लागते.

एका दिवाळीने प्लेग संपला, असे मी म्हणणार नाही. साथी चढतात आणि उतरतात. उत्सवाने शहर कायमचे स्वच्छ झाले, असेही नाही. गेडिस यांनी 1918 साली दरबाराला सादर केलेला अहवाल दोन खंडांचा आहे; नद्या, मोऱ्या, बागा, घरे यांचा त्यात बारकाईने विचार आहे आणि त्यातील पुष्कळशा सूचना कागदावरच राहिल्या. नियमांवाचून केवळ हौसेवर गाव चालत नाही, हे खरे. 2017 सालापासून स्वच्छ शहरांच्या सरकारी पाहणीत इंदूर वर्षामागून वर्षे अग्रभागी राहिले, त्यामागे दारोदारची कचरागाडी आहे, दंड आहे आणि पहाटे उठून रस्ते झाडणारे हजारो हात आहेत. पण ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा काढणारा हात घरातलाच असतो. तेथे कोणताही शिपाई उभा करता येत नाही.

मी शिक्षक आहे, म्हणून माझ्या वर्गातील एक अनुभव सांगून थांबतो. बाकाखाली कागदाचे कपटे दिसले की मी पूर्वी त्या मुलास दंड करीत असे. काही दिवसांत माझ्या ध्यानात आले की, कपटे कमी झाले नव्हते. ते शेजारच्या मुलाच्या बाकाखाली सरकविले जात होते! माझ्या नियमाने मुलांना स्वच्छता शिकविली नव्हती, लपवाछपवी शिकविली होती. मग मी दंड बंद केला आणि ज्या रांगेची जागा नीटनेटकी असेल त्या रांगेने प्रार्थनेला सर्वांत पुढे उभे राहावे, असे ठरविले. त्यानंतर मुले शेजाऱ्याच्या बाकाखालचा कपटाही उचलू लागली, कारण मान रांगेचा होता. त्या वेळी मला गेडिस यांचे नावही ठाऊक नव्हते. पुढे वाचनात ही हकीकत आली तेव्हा मनाशी हसू आले आणि थोडी लाजही वाटली, की एवढी साधी गोष्ट कळावयास मला इतके दंड करावे लागले.

तात्पर्य, श्रोतेहो, घर आपले असते, पण आग गावाची असते. म्हणून नियम हवाच. मात्र नियम करणाऱ्याने पुण्याची झडती आणि इंदूरची दिवाळी या दोन्ही गोष्टी समोर ठेवाव्यात. आणि आपण घरवाल्यांनी कौटिल्याचा तो बारा पणांचा दंड आठवावा. स्वतःचा ओटा लखलखीत ठेवून शेजाऱ्याच्या धुराकडे पाठ फिरविणारा माणूस त्या जुन्या हिशेबात मोठा देणेकरी होता. आजही तो हिशेब बदललेला नाही.