भिंतीवरची रंगभूमी

नाटकाची जाहिरात म्हणजे मुळात प्रयोगाचे स्थळ, वेळ आणि तिकिटाचे दर कळविण्याची सोय. तिला कलेची प्रतिष्ठा लाभली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस नगरीत. शिळाछापाची कला जेनेफेल्डरने इ. स. १७९६ च्या सुमारास म्युनिक येथे शोधून काढली होती. ज्यूल शेरे याने मोठ्या रंगीत भित्तिपत्रकांसाठी ती राबविली आणि २९ जुलै १८८१ च्या कायद्याने भिंतीवर पत्रके लावण्याची मोकळीक मिळाली.

इ. स. १८९४ च्या नाताळात विख्यात नटी सारा बर्नार हिला सार्दूच्या 'जिस्मोंदा' नाटकासाठी तातडीने नवे भित्तिपत्रक हवे होते. नाटक ३१ ऑक्टोबरलाच रंगभूमीवर आले होते. नववर्षातही त्याचे प्रयोग चालू राहतील हे लोकांना कळवायचे होते. लमर्सिएच्या छापखान्यातील चित्रकार सुटीवर असल्यामुळे हे काम मोराव्हियातून आलेल्या चौतीस वर्षांच्या आल्फोन्स म्यूखाच्या पदरी पडले, अशी आख्यायिका आहे. ती गोड खरी, पण दैवयोगाला तीत फारच मान दिला आहे. याच नटीची क्लिओपात्राच्या वेषातील चित्रे म्यूखाने १८९० सालीच काढली होती.

१ जानेवारी १८९५ रोजी ते पत्रक पॅरिसच्या भिंतींवर झळकले. उंची दोन मीटरांहून अधिक, रुंदी मात्र पाऊण मीटरसुद्धा नाही. शेरेच्या पत्रकांतील भडक रंग आणि धावपळ येथे नावालाही नव्हती. हाती ताडपत्राची फांदी घेतलेली, जरतारी वस्त्रांतील जवळजवळ पुरुषभर उंचीची स्त्री स्तब्ध उभी. मस्तकामागे बायझंटाइन धर्तीची कमान, जणू देव्हाऱ्याची प्रभावळच! अक्षरे मोजकी आणि चित्रातच सामावलेली. नाटकाचे नाव वर, नाट्यगृहाचे खाली. कथानकाविषयी एक शब्दही नाही.

बर्नारबाईंनी म्यूखाशी सहा वर्षांचा करार केला. पुढे 'लोरेन्झाच्चो', 'मेदे', 'हॅम्लेट' अशा नाटकांची पत्रके त्याच लांबट घाटात निघाली; नेपथ्य, वेषभूषा आणि अलंकारही त्याच्याच हातून उतरू लागले. जाहिरात आणि प्रयोग यांना एकच डोळा मिळाला, हे या कराराचे खरे महत्त्व.

योगायोग असा की, १८९४ सालीच राजा रविवर्मा यांनी मुंबईत आपला शिळाछापखाना काढला. आपल्या देवघरांत पोहोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी त्याच विद्येच्या.

सार्दूचे ते नाटक आज क्वचितच कोणी वाचतो; पत्रक मात्र संग्रहालयांतून जपलेले आहे. तेव्हाचे शौकीन तर ते मिळविण्यासाठी पत्रके डकविणाऱ्यांचे हात ओले करीत. काही जण रात्री वस्तऱ्याने ते भिंतीवरून सोडवून नेत, असे सांगतात.