पिता व कुटुंबसंघर्ष, आधुनिक मराठी नाटकातील

कुटुंबप्रमुख पित्याचा लोभ, हट्ट किंवा भ्रम यांतून उद्‌भवणारा घरातील संघर्ष हा आधुनिक नाट्यवाङ्‌मयाचा एक प्रमुख विषय होय. यूरोपात हेन्‍रिक इब्सेनच्या घोस्ट्स (१८८१) या नाटकात मृत पित्याचा स्वैराचार मुलाच्या देहात रोगरूपाने उतरतो. अमेरिकेत आर्थर मिलरने ऑल माय सन्स (१९४७) व डेथ ऑफ अ सेल्समन (१९४९) या नाटकांत पित्याला मुलांच्या न्यायासनापुढे उभे केले. या नाटकांत पित्याला जाब विचारणारा व त्याच्या दोषाची झळ सोसणारा बहुधा मुलगा असतो. मराठी रंगभूमीवरही या विषयाची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे; मात्र येथे पित्याच्या दोषाची किंमत प्रामुख्याने मुलीला मोजावी लागते, हे तिचे वेगळेपण.

प्रारंभीच्या संगीत नाटकांत वडीलधाऱ्यांचा अधिकार गृहीत धरलेला होता. बळवंत पांडुरंग किर्लोस्करांच्या संगीत सौभद्र (१८८२) मध्ये सुभद्रेचा विवाह तिच्या मनाविरुद्ध ठरविणारा बलराम हा वडील बंधू आहे. पण त्याचा हेतू दुष्ट नाही, आणि कृष्णाच्या कारस्थानाने त्याचा बेत फसतो तो हसतखेळत. हे हसू गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत शारदा (१८९९) मध्ये मावळले. जरठकुमारी विवाहाच्या प्रथेवर प्रहार करणाऱ्या या नाटकातील कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी वृद्ध भुजंगनाथाला देऊ करतो. भुजंगनाथ हास्यास्पद आहे, कांचनभट तसा नाही. घरातल्या घरात, बायकोचा विरोध मोडून, तो हा व्यवहार पार पाडू पाहतो, आणि त्याला रोखण्याचे सामर्थ्य इंदिराकाकूंजवळही नाही व शारदेजवळही नाही. अखेरीस लग्न मोडते ते वधूवर सगोत्र असल्याचे उघड झाल्यामुळे. म्हणजे पित्याचा अधिकार देवलांनी धर्मशास्त्राच्या अधिकाराने अडविला. मुलीच्या नकाराला त्या घरात किंमत नव्हतीच. बापाला जाब विचारणारी शारदा त्या काळी रंगभूमीवर आणणे कठीण होते, हे ध्यानात घेतले, तरी नाटकातील खरी वेदना तिच्या या निरुपायातच आहे. (१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात तो या नाटकावरून, असा समज महाराष्ट्रात रूढ आहे, प्रत्यक्षात ते नाव विधेयकाचे पुरस्कर्ते हरबिलास सारडा यांच्यावरून पडले.)

१९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने श्री. वि. वर्तक यांचे आंधळ्यांची शाळा हे नाटक रंगभूमीवर आणले. ते नॉर्वेजियन नाटककार ब्यर्न्‌सॉन याच्या अ गाँटलेट (१८८३) या नाटकावर आधारलेले. मूळ नाटकातील नायिकेला आधी नियोजित वराचे आणि मग स्वतःच्या पित्याचे पूर्वचरित्र कळते. स्त्रीला एक व पुरुषाला दुसरा अशा नीतीच्या दोन मापांचा प्रश्न येथे प्रथमच मध्यमवर्गीय दिवाणखान्यात, मुलीच्या तोंडून विचारला गेला. नाट्यमन्वंतरचे महत्त्व वास्तववादी नेपथ्यामुळे सांगितले जाते. पण आशयाच्या दृष्टीने हा बदल अधिक दूरगामी ठरला.

स्वातंत्र्योत्तर काळात पिता सहानुभूतीचा विषय झाला. वसंत कानेटकरांनी रायगडाला जेव्हा जाग येते (१९६२) मध्ये शिवाजी महाराज व संभाजी यांच्यातील दुराव्याला कौटुंबिक शोकांतिकेचे रूप दिले. राज्य सावरणारा पुरुष घर सावरू शकत नाही, हे तिचे सूत्र. वि. वा. शिरवाडकरांचे नटसम्राट (१९७०) याहून लोकप्रिय झाले. किंग लिअरची छाया असलेल्या या नाटकात निवृत्त नट अप्पा बेलवलकर आपले सर्वस्व मुलांना वाटून टाकतात आणि मुलगा व मुलगी या दोघांच्याही घरी अपमानित होऊन रस्त्यावर येतात. श्रीराम लागूंनी गाजविलेल्या या भूमिकेमुळे प्रेक्षक अप्पांच्या बाजूने रडला व मुलांना कृतघ्न ठरवून मोकळा झाला. संहिता याहून सावध आहे. दातृत्वातही नाट्य शोधणारा, मुलांच्या संसारात रंगमंचावरच्या ऐटीने वावरणारा आणि कावेरीच्या शहाणपणाकडे दुर्लक्ष करणारा हा मनुष्य आपल्या अनर्थाला अंशतः तरी जबाबदार आहे. तथापि नाटकाचे भाषावैभव ही जबाबदारी झाकून टाकते, हे मान्य करावे लागेल.

त्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या गिधाडे मध्ये असा कोणताही आडोसा नाही. सख्ख्या भावाला बुडवून धंदा बळकावणारे पप्पा आणि त्यांच्या पैशासाठी त्यांच्याच जिवावर उठलेले रमाकांत, उमाकांत व माणिक. मुलांनी बापाचा धडा पुरता गिरविलेला आहे. लुटारूंच्या या घरातही शरीरावर घाव बसतात ते माणिकच्या, आणि घालणारे तिचे भाऊ असतात. सतीश आळेकरांच्या महानिर्वाण (१९७४) मध्ये हाच अधिकार उपहासाचा विषय होतो: मेलेला बाप जुन्याच स्मशानात जाळले जाण्याचा हट्ट धरून कीर्तन करीत राहतो आणि मुलाची त्यातून सुटका होत नाही.

तेंडुलकरांच्या कन्यादान (१९८३) मध्ये हा विषय सर्वांत अवघड वळणावर येतो. समाजवादी नेते नाथ देवळालीकर लोभी नाहीत, व्यसनी नाहीत. घरात त्यांनी लोकशाही जपली आहे. मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी विवाह करते, तेव्हा नाथांना त्यात आपल्या तत्त्वांचा विजय दिसतो. पत्नी सेवाला मात्र मुलीचे हाल दिसतात. अरुण ज्योतीला मारहाण करतो. पुढे त्याच्या आत्मचरित्रावर नाथ मनाविरुद्ध स्तुतिपर भाषण करतात, तेही मुलीच्या हितासाठी. आणि नेमके याच भाषणाबद्दल ज्योती त्यांना जाब विचारते. पित्याने शिकविलेल्या आदर्शांनी आपल्याला जगण्यास असमर्थ केले, पण ते टाकूनही देता येत नाहीत, हा तिचा आरोप. शारदेला बापाने विकले होते; ज्योतीला बापाने घडविले, आणि त्या घडणीनेच तिचे परतीचे दार बंद केले. अरुणच्या चित्रणावर दलितविरोधी म्हणून तीव्र आक्षेप घेतले गेले. त्यांत तथ्य नाही असे म्हणता येत नाही. अरुणच्या हिंसेची कारणे नाटकात सांगितली जातात, पण त्याला नाथांइतके अंतरंग लाभत नाही. पिता म्हणून नाथांचे चित्रण मात्र मराठीत अपूर्व होय. या नाटकाला १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला.

महेश एलकुंचवारांच्या वाडा चिरेबंदी (१९८५) मध्ये पिता रंगमंचावर येतच नाही. विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजींचे निधन झाले आहे आणि त्यांच्या दिवसकार्यासाठी कुटुंब जमले आहे. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर, खर्चाला पैसा नाही, तरीही तेरावा घराण्याच्या इतमामाने व्हावयास हवा. भास्कर व सुधीर या भावांतील ताण दिसतो तो दागिने व वाटणीच्या बोलण्यांतून. कोणीही फारसा आवाज चढवीत नाही. शिकण्याची जिद्द असलेल्या प्रभाला तात्याजींनी घरी बसविले, आणि ते गेल्यावरही तिचे आयुष्य पुन्हा सुरू होत नाही. तिचा भाऊ चंदू तसाच घरातील राबणूक होऊन राहिला आहे. खलनायक कोणीच नसताना एका मृत माणसाचे निर्णय तीन पिढ्यांवर कसे चालू राहतात, हे दाखविण्यात हे नाटक इब्सेनच्या सर्वांत जवळ जाते; मात्र त्यातील संयम पूर्णपणे वऱ्हाडी घरातला आहे. मग्न तळ्याकाठी व युगान्त या पुढील दोन भागांसह ही नाट्यत्रयी १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली सलग सादर झाली. योगायोगाने त्याच वर्षी महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध हिस्सा दिला. वाटणीच्या ज्या बोलण्यात प्रभाला कोणी विचारीत नाही, त्यात तिला कायद्याने जागा मिळाली ती तेव्हा. प्रशांत दळवी यांच्या चारचौघी (१९९१) मध्ये तर आई व तीन मुलींचे घर बापाच्या नावाशिवाय उभे आहे. तेथे संघर्ष पित्याशी नसून, पित्यावाचून घर अपुरे मानणाऱ्या समाजाशी आहे.