खर्जाची तार

मैफलींत गवई बसला कीं श्रोत्यांचें लक्ष त्याच्याकडे लागतें. मागें बसून तंबोरा छेडणाऱ्या शिष्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. त्या शिष्याच्या बोटांखालून चार तारा ओळीनें जात असतात: पहिली पंचमाची किंवा मध्यमाची, मग षड्जाची जोड, आणि शेवटीं खर्ज. आज मला ह्या शेवटच्या तारेविषयींच बोलावयाचें आहे. ती पितळेची कां, उघडी कां, आणि तिच्या जागीं वेगळ्या घडणीची तार घातली तर बोटाला व कानाला काय फरक पडेल? प्रश्न लहान दिसतो. पण गाणें शिकणाऱ्याच्या कानांत कोणता गांधार बसावयाचा, हें पुष्कळ अंशीं ह्याच तारेवर ठरतें.

तार म्हटली कीं आज धातु आठवतो. आपल्या जुन्या वीणांना मात्र तांत असे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहून तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यांत एकतंत्री वीणेचें वर्णन आहे. तिची एकुलती तार स्नायूची, आणि ती तार व घोडीवरची पत्रिका ह्यांच्यामध्यें बांबूची एक बारीक ढलपी घालावयाची. तिला त्यानें ‘जीवा’ म्हटलें आहे. आजच्या तंबोऱ्यांत घोडीवर तारेखालीं आपण जें सूत सरकवतों, तें ह्या जीवेचेंच काम करतें. ‘जवारी’ हा शब्दहि तिच्यावरूनच निघाला असें पुष्कळांचें म्हणणें आहे. त्या व्युत्पत्तीचा मला आग्रह नाहीं. पण तार नुसती ताणून भागत नाहीं, तिला कोठेंतरी किंचित् अडवून बोलकी करावी लागते, ही समजूत निदान सातशें वर्षांची आहे, एवढें खरें.

कोल्हापुराहून मिरज जेमतेम पन्नास किलोमीटर. तेथील तंबोरे व सतारी करणारी घराणीं मूळचीं शिकलगारांचीं, म्हणजे शस्त्रांना धार व पाणी देणारांचीं. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, तलवारींची मागणी ओसरली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेबांनीं ह्या नव्या कसबाचा पाया घातला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे आणि तुणीचें लांकूड ह्यांवर त्यांचा हात बसला. पुढें १८८३ मध्यें कोल्हापुरांत गायन समाज देवल क्लब निघाला, १८९१ मध्यें कोल्हापूर-मिरज लोहमार्ग सुरू झाला, आणि १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांनीं अल्लादियाखांसाहेबांस दरबारीं आणिलें. गाणारे येथें आणि वाद्यें घडविणारे तेथें, अशी ही सोय जुळून आली. लोखंड-पोलादाचा स्वभाव ज्यांच्या पिढ्यांनीं बोटांनीं ओळखला होता, त्यांच्याच हातीं तारांची निवड आली, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

आतां तारेकडे वळूं. जोडाच्या तारा पोलादाच्या असतात. खर्ज त्यांच्याहून एक सप्तक खालीं. लांबी तीच, ताणहि जवळजवळ तोच ठेवावयाचा, तर तार सुमारें दुप्पट जाड पाहिजे. पण तार दुप्पट जाड केली कीं तिचा ताठरपणा दुप्पट न होतां सोळापट होतो. ताठर तार कांहीं अंशीं सळईसारखी वागूं लागते; तिच्या मूळ स्वरांतून जे वरचे उपस्वर निघतात ते आपापल्या जागेहून चढे निघतात. तंबोऱ्यांत हा दोष फार जाचतो. खर्ज छेडल्यावर कांहीं क्षणांनीं त्यांतून आपोआप गांधार ऐकूं येतो. तो खर्जाचा पांचवा उपस्वर होय. तार खोटी असली कीं तो गांधारहि खोटा. पितळ येथें उपयोगी पडतें. तें पोलादापेक्षां थोडें जड आणि ताठरपणांत जवळजवळ निम्मेंच. बोटाखालीं तें मऊ लागतें. पोलाद जसें बोटाला कांपतें तसें कांपत नाहीं. आवाज पोलादाइतका टणक नसून किंचित् रुंद व ओला निघतो.

ताठरपणावर युरोपांत दुसरा उपाय निघाला होता: मधली तार बारीक ठेवून तिच्यावर दुसरी तार वेढावयाची, म्हणजे वजन वाढतें पण लवचिकपणा जात नाहीं. तांतेवर धातूची बारीक तार वेढण्याच्या ह्या नव्या युक्तीची जाहिरात लंडनच्या जॉन प्लेफर्डनें १६६४ मध्येंच केलेली आढळते. त्या वेढ्याचेहि पुढें दोन प्रकार झाले. गोल तारेचा वेढा हाताला खरबरीत लागतो, त्यावरून बोट सरकलें कीं घसटल्याचा आवाज होतो, आणि स्वर लख्ख व लांब टिकणारा निघतो. चपट्या पट्टीचा वेढा गुळगुळीत लागतो. त्याचा स्वर गोल, दबका आणि लवकर विरणारा. अमेरिकेंत लिओ फेंडर ह्यांनीं १९५१ मध्यें विजेचें बास गिटार बाजारांत आणलें, तेव्हां त्याला चपट्या वेढ्याच्याच तारा असत. १९६६ नंतर गोल वेढ्याच्या तारांनीं तरुण वादकांस भुलविलें. ह्या दोहोंत सरस कोणती, हा वाद त्या वादकांत अजून चालू आहे. डेट्रॉइटचा प्रसिद्ध वादक जेम्स जेमर्सन चपट्या तारा वापरी आणि तुटेपर्यंत त्या बदलीत नसे. जुन्या तारेचा मंद, गिळलेला आवाजच त्याला हवा होता.

आपल्या खर्जाला हें चालत नाहीं. बास गिटाराची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें करते आणि तिची लांबी ३४ इंच. इतक्या खालीं उघडी तार नेली तर ती दोरीसारखी लोळेल, म्हणून वेढा अपरिहार्य. काळी एकमध्यें लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारें ६९ कंपनांचा, आणि सुटी तार लांबीनें मीटरभर. एवढ्या लांबीवर उघडें पितळ नीट निभावतें. दुसरें कारण घोडीचें. गिटाराची तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याची तार रुंद, किंचित् उतरत्या घोडीवर क्षणोक्षणीं टेकत व सुटत असते. ह्याच घडणीवर सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं १९२१ मध्यें निबंध लिहिला. ज्या बिंदूवर तार छेडावी, तेथें ज्यांचें कंपन शून्य असतें असे उपस्वर जुन्या नियमाप्रमाणें उमटूं नयेत. तंबोऱ्यांत ते स्पष्ट उमटतात, हें त्यांनीं दाखविलें. अशा घोडीवर गोल वेढ्याची तार घातली तर तिचे कंगोरे घोडीला चरे पाडतील. चपट्या वेढ्याची घातली तर जे उपस्वर मोकळे करण्यासाठीं जवारी घासली, तेच दबून जातील. बोटाचें सुख मिळेल आणि गांधार जाईल. हा सौदा, माझ्या मतें, कोणत्याहि गायकानें करूं नये.

त्या गांधाराची मोजदादहि ह्याच टापूंत झाली. नाटककार गोविंद बल्लाळ देवल ह्यांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनीं सांगलीस तारेच्या लांबीवरून श्रुति मोजल्या, त्या कामीं अब्दुल करीमखांसाहेबांच्या गळ्याचें साह्य घेतलें, आणि १९१० मध्यें आपले निष्कर्ष पुस्तकरूपानें प्रसिद्ध केले. पेटीचा गांधार खर्जांतून निघणाऱ्या गांधाराहून सुमारें चौदा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका चढा असतो. नभोवाणीनें १९४० मध्यें पेटी बंद केली आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली, तिच्यामागें इतर कारणांबरोबर हाहि आक्षेप होता. तीं तीस वर्षें श्रोत्यांनीं जें गाणें ऐकलें, त्याचा आधार ह्या चार ताराच होत्या.

हल्लीं पुष्कळ घरीं विजेचा तंबोरा वाजतो. त्याला खुंटी पिळावी लागत नाहीं, पावसाळ्यांत तो उतरत नाहीं, प्रवासाला सोपा पडतो. त्याला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. पण त्याच्या लहानशा कर्ण्यांतून ६९ कंपनांचा स्वर जवळजवळ निघतच नाहीं; वरच्या उपस्वरांवरून कानच तो भरून काढतो. नवशिक्याच्या मांडीला तंबोऱ्याच्या भोपळ्याची जी थरथर लागते, तीहि तेथें नाहीं. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट. मात्र मानांकन वाद्याला मिळतें. तार शेवटीं घरींच बदलावी लागते.

ती बदलतांना घाई करूं नये. पितळ पोलादापेक्षां लवकर तुटतें, म्हणून नवी तार एकदम स्वराला न आणतां थोडी खालीं ठेवून रात्रभर ताणूं द्यावी. वाजवून झाल्यावर कोरड्या कापडानें पुसावी. घामानें ती काळवंडते, आणि काळवंडलेली तार वरून धडधाकट दिसली तरी सारखी बोलत नाहीं. दुसऱ्या दिवशीं स्वर बसला कीं मगच सूत सरकवावें, आणि तेंहि आधीं खर्जाचें.