सागवानाचा मुलूख आणि सुताराची हत्यारे

चांदा हे चंद्रपूरचे जुने नाव. १९८२ साली या जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. अरण्य मात्र अखंड राहिले. आलापल्लीचे सागवान हे त्या अरण्याचे वैभव. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झाले तेही बल्लारपूरहूनच. लाकडाची कीर्ती अशी दूरवर गेली. त्याला आकार देणारी साधी हत्यारे मात्र आपल्या ध्यानातून निसटली.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ ग्रंथात ज्या बलुतेदारीचे वर्णन केले, तीत सुतार आणि लोहार हे दोघेही होते. लोहाराने पाते घडवावे, सुताराने त्यास दांडा बसवावा. वाकस, करवत, पटाशी, रंधा एवढ्या सामग्रीवर नांगर, वखर, बैलगाडी, दारे-खिडक्या सिद्ध होत. मोबदला सुगीतील धान्याचा.

पुढे १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलावर सरकारची पकड बसली आणि सागवान व्यापाराचा माल झाले. कालांतराने आरागिरण्या आल्या, विजेचा रंधा आला. नांगर लोखंडी झाला, बैलगाडीला रबरी टायर लागले. बलुते संपले आणि हत्यारे माळ्यावर गेली.

आज यंत्रावर शिकलेला कारागीर जुन्या रंध्याकडे वळतो, तो बहुधा गरजेपोटी. पावसाळ्यात फुगलेले दार चौकटीत बसवायचे असते. तेथे कागदासारखा पातळ पापुद्राच काढावा लागतो. सागात सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश असतो. त्यामुळे धार लवकर बोथटते. म्हणून धार लावणे ही या कामाची पहिली विद्या. रेषेविरुद्ध रंधा चालवला की लाकूड उचकटते, आवाज बदलतो, हाताला धक्का बसतो. यंत्राच्या गोंगाटात न ऐकू येणारे लाकडाचे हे बोलणे कारागीर ऐकू लागतो आणि गरजेचे रूपांतर आदरात होते. शिवाय झिजलेल्या पात्याला पुन्हा धार लावता येते, मोडलेला दांडा स्वतःच बदलता येतो. आपल्या साधनावर कारागिराची सत्ता राहते.

ख्रिस्ती माणसाला हे परके वाटू नये. संत मार्कच्या शुभवर्तमानात गावकरी प्रभू येशूला सुतार म्हणूनच ओळखतात. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांना अर्पण केला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’ या विश्वपत्रात शिकवले की, श्रमाचे मोल प्रथम श्रम करणाऱ्या माणसामुळे ठरते. यंत्र त्याचे सहायक असावे, धनी नव्हे.

यंत्राचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. परंतु आजोबांचा रंधा भंगारात किलोच्या भावाने जातो, तेव्हा त्याबरोबर पिढ्यांचे हस्तज्ञानही घराबाहेर पडते. आपल्या घरी असे हत्यार असेल तर त्याचा गंज काढावा, धार लावावी आणि शिकू इच्छिणाऱ्या तरुण हाती ते सोपवावे. तसेच हाताने काम करणाऱ्या सुताराशी मजुरीची घासाघीस करू नये. कारागीर जगला तरच हत्यार जगेल.