पाटणचा शिलालेख आणि बधिर चट्टा

चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस दहाअकरा मैलांवर, सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशींत पाटण नांवाचें जुनें स्थळ आहे. तेथील भवानीच्या पडक्या देवळांत एक शिलालेख सांपडला, आणि भास्कराचार्यांच्या घराण्याविषयीं आपणांस आज जें निश्चित ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग त्या एका दगडानें दिला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें तेथें मठ स्थापिला आणि निकुंभवंशीय सोईदेवानें शके ११२८ मध्यें त्या मठास उत्पन्न तोडून दिलें, असें त्यांत नमूद आहे. चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. लेखाचा शेवटचा भाग मराठींत आहे, हें आमच्या वाचकांस विशेष गोड वाटेल.

हा लेख विद्वानांपुढें प्रथम मांडला डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं, १८६५ सालीं, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत. प्राच्यविद्येंतील त्यांचें हें श्रेय सर्वश्रुत आहे. परंतु हेच गृहस्थ मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकीं एक होते, आणि शिलालेखांचे ठसे जमवितां जमवितां महारोगावर देशी वनस्पतींचे प्रयोगहि करीत होते, ही गोष्ट पुष्कळदां मागें पडते. आम्हांस आज त्या दुसऱ्या बाजूनें बोलावयाचें आहे. कारण महारोग, ज्यास आपण आतां कुष्ठरोग म्हणतों, तो जितका त्वचेचा तितकाच, किंबहुना अधिक, मज्जातंतूंचा रोग आहे. त्याची ओळख पटविण्याचा इतिहास म्हणजे माणसें चुकीच्या ठिकाणीं कशीं पाहात राहिलीं याचा इतिहास होय.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं मात्र योग्य ठिकाणीं बोट ठेविलें होतें. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत कुष्ठाच्या लक्षणांत त्वचेची बधिरता आहे, हातापायांची गति जाणें आहे, आवाज बसणें आहे, बोटें झडणेंहि आहे. अडचण निराळीच झाली. ‘कुष्ठ’ या एका नांवाखालीं सात महाकुष्ठें आणि अकरा क्षुद्रकुष्ठें अशीं अठरा दुखणीं गोळा झालीं. त्यांत खरूज-नायट्यासारखे निरुपद्रवी त्वचारोगहि आले. शास्त्रांतला सूक्ष्म भेद गांवच्या वेशीपर्यंत पोंचला नाहीं. लोकांनीं डाग पाहिला आणि माणूस टाकला. पांढऱ्या कोडाच्या मुलींचीं लग्नें मोडलीं तीं याच गोंधळानें. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असला तरी त्यावर टांचणी टोंचली असतां कळते. कुष्ठाचा चट्टा नुसता फिकट वा तांबूस असतो, पण तेथें स्पर्श कळत नाहीं, घामहि येत नाहीं. एवढा एक भेद घरोघर ठाऊक असता तर केवढा अनर्थ टळता!

यूरोपांत नॉर्वे देशानें या कामीं पुढाकार घेतला. डॅनिएलसेन व बोएक यांनीं १८४७ सालीं या रोगाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून बधिरता आणणारा प्रकार वेगळा दाखविला. इकडे मुंबईंत १८५८ सालीं हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे डॉक्टर आले. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथांतील चित्रें यांनींच काढिलीं. ग्रंथावर नांव गाजलें तें ग्रे यांचें. चित्रकाराच्या वांट्यास फारशी कीर्ति आली नाहीं. ज्या हातानें मज्जातंतूंचीं चित्रें इतकीं बारकाईनें काढिलीं, त्याच हातानें पुढें मुंबईच्या महारोग्यांच्या मज्जातंतूंचें विच्छेदन केलें, आणि ते सुजून जाड झालेले आढळले. १८७३ सालीं कार्टर नॉर्वेस गेले. त्याच वर्षीं बर्गेन येथें हान्सेन यांना या रोगाचे जंतु दिसले होते. कार्टरांचा ग्रंथ १८७४ सालीं निघाला. त्याच सालीं भाऊ दाजी वारले. पिढीजाद शाप, पूर्वजन्मींचें पाप, रक्तांतला दोष या सर्व कल्पनांना हादरा बसावा इतकी सामग्री तेव्हांच जमली होती.

हादरा बसला नाहीं. १८९८ सालीं सरकारनें महारोग्यांसंबंधीं कायदा केला, त्यांत मूळ व्याख्येप्रमाणें ज्याच्या अंगावर क्षतें पडूं लागलीं तोच महारोगी. आणि असा रोगी भिक्षेकरी आढळल्यास त्यास पकडून आश्रमांत ठेवावयाचें. म्हणजे रोगाची जी शेवटची पायरी ती कायद्यानें पहिली खूण मानिली! माटुंग्याचा आश्रम त्यापूर्वींच, १८९० सालीं, ॲक्वर्थ यांच्या खटपटीनें उभा राहिला होता. हे ॲक्वर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून छापणारे तेच. भाऊ दाजी शिलालेखांत रमले, हे पोवाड्यांत. महारोग्यांचें दैव असें कीं त्यांच्याकडे वळले ते बहुधा इतिहासवेडेच.

बोटें झडतात तीं मांस कुजल्यामुळें, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. ती मोडली वेल्लोर येथील पॉल ब्रँड या शस्त्रवैद्यानें. त्यांनीं दाखविलें कीं वेदना नाहींशी झाल्यामुळें रोगी स्वतःस इजा करून घेतो आणि त्यास पत्ता लागत नाहीं. रात्रींतून बोटांचे लचके कसे तुटतात याचा शोध घेतां उंदीर सांपडले. निजलेल्या रोग्यास दांत लागल्याचें कळत नव्हतें. त्यावर रोग्यांना मांजरें देण्यांत आलीं. शास्त्राच्या इतिहासांत इतका साधा उपाय क्वचितच आढळेल.

तेव्हां खुणा पाहावयाच्या त्या अशाच साध्या जागीं. आमच्या खानदेशांत तव्यावर कळण्याची भाकरी उलटतांना बाईच्या बोटाला फोड येते आणि ती सायंकाळीं दुसऱ्या कोणास दिसते, तेव्हां तिच्या सोशिकपणाचें कौतुक होतें. शेतांत बाभळीचा कांटा पायांत मोडून आठ दिवस राहतो, आणि गडी काटक म्हणून नांवाजला जातो. कोपर भिंतीवर आपटलें कीं करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, हा अनुभव सर्वांचा. तेथें हाडाच्या खोबणींतून जी दोरी जाते तोच मज्जातंतु या रोगांत प्रथम जाड व दुखरा होतो, आणि मग करंगळी व अनामिका वाकूं लागतात. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाचा तंतु बिघडला तर पाऊल लोंबतें. त्याआधीं पायांतली वहाण निसटून मागें राहते आणि चालणाऱ्यास तें समजत नाहीं. कोणाची पापणी झोंपेंत पुरती मिटत नाहीं. परीक्षेला यंत्र नको: रोग्याचे डोळे मिटवून चट्ट्यावर कापसाचें टोंक फिरवावें व कोठें लागलें तें बोटानें दाखविण्यास सांगावें.

हें सर्व लवकर कळण्यांत मोठाच लाभ आहे. चौलमुग्र्याच्या तेलाचें युग १९४० नंतरच्या दशकांत डॅप्सोननें संपविलें. १९८० नंतरच्या दशकारंभीं दोनतीन औषधें एकत्र देण्याची पद्धति सुरू झाली. सौम्य प्रकारास सहा महिने, जोरदार प्रकारास बारा महिने, आणि सरकारी आरोग्यकेंद्रांत तीं फुकट मिळतात. जंतु मरतात, संसर्गाचें भय जातें. परंतु मेलेला मज्जातंतु औषधानें परत येत नाहीं. हातापायांतील शक्ति नुकतीच जाऊं लागली असेल, तिला सहा महिने उलटले नसतील, तर स्टेरॉइडनें पुष्कळदां ती सांवरतां येते. त्यानंतर आशा भराभर कमी होते.

महाराष्ट्रानें या कामीं मोठीं माणसें दिलीं, त्यांची ओळख येथें करून देण्याचें कारण नाहीं. तपोवन व आनंदवन यांचीं नांवें मुलांनाहि ठाऊक आहेत. तुलनेनें कमी परिचित नांव डॉ. रा. वि. वारदेकर यांचें. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाच्या द्वारें, रोगी येईल म्हणून वाट न पाहतां घरोघर जाऊन त्यास शोधावें, लोकांस समजावावें व घरींच उपचार करावे, ही पद्धति त्यांनीं घालून दिली. आश्रमांच्या भिंतींपेक्षां ही पायपीट अधिक फळली, असें आमचें मत आहे.

२००५ च्या अखेरीस देशांतील प्रमाण दहा हजारांत एकाखालीं आलें, आणि रोग गेला असा समज पसरला. तो गेलेला नाहीं. जगांतील नव्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक अजूनहि आपल्या देशांत सांपडतात. १८९८ चा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडलें. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण राहूं नये अशी दुरुस्ती तर २०१९ सालीं झाली. शोधमोहिमेंत आशासेविका व तिच्याबरोबर एक पुरुष कार्यकर्ता घरोघर फिरतात, स्त्रियांस स्त्रीनें तपासावें म्हणून. चट्टा दुखत नाहीं, खाजत नाहीं. म्हणून विचारल्यावांचून तो कोणी दाखवीत नाहीं, आणि कित्येकदां तो पाठीवर, लुगड्याच्या पदराखालीं असतो.