वीझे बेट

कारा समुद्राच्या उत्तर भागातले, साधारण ७९.५ अंश उत्तर अक्षांशावरचे हे सखल बेट हवामान केंद्रातले कर्मचारी सोडले तर निर्मनुष्य आहे. त्याच्या शोधाचे साल सहसा १९३० दिले जाते. ‘सेदोव’ हे बर्फफोडे जहाज त्या ऑगस्टमध्ये तिथे पोचले, एवढ्या अर्थाने ते बरोबरच. पण खरा शोध १९२४चा आणि कागदावरचा, असे मला वाटते. १९१२ मध्ये ब्रुसिलोव्ह यांचे ‘स्व्यताया आन्ना’ हे जहाज बर्फात अडकून उत्तरेकडे वाहत गेले. जहाज कायमचे हरवले. मात्र १९१४ मध्ये ते सोडून बर्फावरून पायी निघालेल्या अल्बानोव्ह यांनी नोंदवहीचा उतारा जपून आणला. हा उतारा हाती नसता तर पुढचे काहीच घडले नसते. पृथ्वीच्या परिवलनामुळे तिथला तरंगता बर्फ वाऱ्याच्या उजवीकडे वळतो, हे नान्सेन यांनी दाखवले होते. या जहाजाचा मार्ग ७८ ते ८० अंशांच्या पट्ट्यात मात्र तसा वळत नाही. तेव्हा पूर्वेला बर्फ अडवणारी जमीन असलीच पाहिजे, असे अनुमान व्लादिमीर वीझे यांनी काढले.

असे तर्क फसतात, सान्निकोव्हची भूमी कुठे सापडली, हा आक्षेप रास्त आहे. पण तिचा आधार दुरून झालेला भास होता. इथे आधार होता तो नोंदलेल्या वाऱ्यांचा आणि स्थानांचा. वीझे स्वतः ‘सेदोव’वर होते, म्हणून बेटाला त्यांचे नाव मिळाले असेही म्हणता येत नाही, कारण मोहिमेचे नेतृत्व ओटो श्मिट यांच्याकडे होते.